आयर्विनला किती?

सांगलीत जुलै लागला की माणसं भेटल्यावर 'काय म्हणताय' असं विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'कोयनेतून किती सोडलंय?' आणि मग तिसरा, जरा आवाज चढवून, 'आणि अलमट्टीतून?' गवार मोडता मोडता क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, अशा हिशेबात बोलणाऱ्या बायका मी आमच्याच घरात पाहिल्या आहेत.

माझी आत्या कर्नाळ रोडच्या बाजूला राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. २००५ ची घोट्याच्या थोडी वर, २०२१ ची ओट्याच्या कडेला आणि २०१९ ची सगळ्यांत वर, मिसळणाच्या डब्याची फळी होती तिथे. घर रंगवायला काढलं तेव्हा 'तेवढी पट्टी सोडून रंगव' असं तिनं रंगाऱ्याला बजावलं होतं. तिचं मत पक्कं आहे: हे पाणी अलमट्टीचं. जिल्ह्यातल्या बहुतेकांचंही तेच मत आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता तेवढ्या ठामपणे वाटत नाही. उलट, या एका मतापायी आपण कृष्णेचं खोरं बघायचंच विसरलो, आणि त्याची किंमत आपणच मोजतोय, असं वाटू लागलं आहे.

अलमट्टीवरचा राग हवेतून आलेला नाही. कर्नाटकातलं हे धरण सध्या ५१९.६ मीटरपर्यंत भरतात. तेवढ्यात त्यात १२३ टीएमसी, म्हणजे १२३ अब्ज घनफूट पाणी मावतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो निवाडा अजून राजपत्रात आलेला नाही. पण कर्नाटकाने तयारी सोडलेली नाही, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा एकदा विरोध कळवला. खाली साडेचार मीटर जास्त उंचीचं तळं उभं राहिलं तर वरच्या सपाट नदीचं काय होईल, हे विचारायचा सांगलीकरांना पुरता हक्क आहे. ऐन पावसाळ्यात धरण ५१७ मीटरच्या आसपासच ठेवा, ही मागणीही रास्त आहे.

पण झालेल्या पुराचा हिशेब वेगळा. तो कुणालाही कागदावर करून बघता येईल. नदी दिवसभर ११ हजार ५७४ क्युसेकने वाहिली की १ टीएमसी पाणी जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाखांवर क्युसेक सोडले जात होते, म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. या वेगाने पाणी येत असताना ते आख्खं धरण तळापासून रिकामं असतं, तरी तीन दिवसांच्या आत भरलं असतं. आयर्विनला पाणी धोक्याच्या वर त्याहून जास्त दिवस होतं. मग उरतो फुगवट्याचा प्रश्न, म्हणजे नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतरावरचं धरण सांगलीचं पाणी अडवून धरतं का? नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. बोट ठेवलं ते अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर. अहवाल पुष्कळांना पटला नाही. आत्याला तर मुळीच नाही. 'समित्या काय, सांगतील तसं लिहितात.'

आता अलमट्टीच्या याच भिंतीकडे खालून बघा. नव्वदच्या दशकात अलमट्टीच्या उंचीविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज आंध्र प्रदेशाने केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००० साली ५१९.६ मीटरची मर्यादा आली ती त्याच भांडणातून. आंध्रची तक्रार काय होती? कर्नाटक पाणी अडवील आणि आमच्याकडे येऊ देणार नाही. आपली तक्रार काय? कर्नाटक पाणी अडवतं आणि आमच्याकडून जाऊ देत नाही. एकाला त्या भिंतीत दुष्काळ दिसतो, दुसऱ्याला पूर. दोघेही खोटं बोलत नाहीत. नदीच्या ज्या तुकड्यावर आपण उभे आहोत तेवढीच नदी दोघांना दिसते, इतकंच.

म्हणून जरा वर जाऊ, महाबळेश्वराला. तिथल्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं असं मानतात. श्रद्धेचा भाग सोडला तरी भूगोल थक्क करणारा आहे. त्या पाचांतली सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. कृष्णा त्याच डोंगरावरून पूर्वेला वळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत १४०० किलोमीटर चालते. हाकेच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक दोन-तीन दिवसांत खारट होतो. दुसरा वाई, कराड, सांगली, रायचूर, श्रीशैलम, विजयवाडा करत हंसलादीवीला पोचतो, तेही पोचला तर. या नदीचं खोरं दोन लाख ५९ हजार चौरस किलोमीटरांचं आहे. त्यातलं जेमतेम २७ टक्के महाराष्ट्रात, ४४ टक्के कर्नाटकात, उरलेलं तेलंगण-आंध्रात. पण पावसाचा माथा आपल्याकडे आहे, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

महाबळेश्वर, गगनबावडा या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरही जायला नको, दहिवडीला तो पाचशेच्या आसपास येतो. म्हणजे दहापट फरक, आणि तो एकाच सातारा जिल्ह्यात, एकाच नदीच्या खोऱ्यात. सांगलीचंही तसंच: पश्चिमेला चांदोलीचं जंगल, पूर्वेला आटपाडी आणि जत. खटाव तालुक्यातून येणारी येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, तेव्हा बहुतेक वर्षी तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते. त्याच ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. दुष्काळी नदीच्या मुखाशी माणसं पुरात बुडतात, असं हे खोरं आहे.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वराला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. दहिवडीला वर्षभरात पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. हे पाणी उतारावरून धावत येतं, कोयना आणि कृष्णा कराडला समोरासमोर येऊन भिडतात, तिथपर्यंत नदीला अजून चढ-उतार माहीत असतो. पुढे ती मंदावते. हरिपूरला वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या टप्प्यात कृष्णा इतकी सपाटीवर वळसे घेत जाते की नकाशावर धागा सुटल्यासारखी दिसते. डोंगरातून लाखो क्युसेक धावत येतात आणि शिरोळ तालुक्यात येऊन रांगेत उभे राहतात. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला आत शिरायला जागा मिळत नाही, ती मागे फुगते आणि इचलकरंजीपर्यंत पसरते. हा फुगवटा आपल्याच दोन नद्यांमधला आहे. त्यात कर्नाटकाचा काही संबंध नाही. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. जुन्या लोकांनी पुराला कॅलेंडरात जागा दिली होती, ती अशी.

जागा दिली होती जमिनीतही. कृष्णाकाठी नदीलगतच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. पावसाळ्यात ती नदीची. पूर ओसरला, गाळ वाळला की तिथे वांगी लावायची. कृष्णाकाठच्या वांग्यांचं जे नाव आहे ते या गाळामुळे. आता मळीत ऊस उभा असतो, बारा ते अठरा महिने. म्हणजे नदी कधीही आली तरी तिला पीक बुडवावंच लागतं. आणि शहरात मळीच्या जागी वसाहती आल्या. पुराच्या बातम्यांत सांगलीतली मगरमच्छ कॉलनी दरवेळी असते. जिच्या नावातच मगर आहे तिथे पाणी आल्याचं आश्चर्य आपल्याला दर दोन-चार वर्षांनी नव्याने वाटतं, याचं मला आश्चर्य वाटतं. आत्याचा प्लॉटही एके काळी शेतच होता. बिनशेतीचा आदेश रीतसर आहे, मंजूर नकाशा आहे, सगळ्या कागदांवर शिक्के आहेत. नदी तेवढी कुणी विचारली नव्हती.

पूररेषा आपल्याकडे आखलेल्या आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिलेल्या माणसाला हे '२५ वर्षांतून एकदा' वाचताना हसू येतं. तरी त्या रेषासुद्धा पाळल्या असत्या तर पुष्कळ झालं असतं. कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पंचगंगेच्या पूरपट्ट्यातून उंच भरावावर जातो. नदी पसरते तिथेच आडवा बांध. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ तोच महामार्ग पाण्याखाली गेला आणि दिवसचे दिवस बंद राहिला, ट्रकांच्या रांगा लागल्या, शहराचं दूध-पेट्रोल तुटलं. दोनशे किलोमीटरांवरची भिंत आपल्याला स्पष्ट दिसते, वेशीवरची दिसत नाही.

आता धरणांकडे येऊ, आपल्या. कोयना १०५ टीएमसीची, वारणा ३४ ची, दूधगंगा २५ ची, मग धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, राधानगरी. यांतलं जवळपास एकही धरण पूर अडवायला बांधलेलं नाही. कोयना विजेसाठी, बाकीची मुख्यतः सिंचनासाठी. त्यामुळे ती पावसाळ्यात भरून ठेवणं हेच त्यांचं काम. ऑगस्टमध्ये पुरासाठी जागा रिकामी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर त्या अभियंत्याला मे महिन्यात कोण वाचवणार? एका निवृत्त शाखा अभियंत्याने मला एकदा सांगितलं होतं, 'धरण भरलं आणि पूर आला तर निसर्ग. धरण भरलं नाही आणि दुष्काळ पडला तर चौकशी.' नोकरी करणाऱ्या माणसाचं गणित त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. शिवाय कोल्हापूरच्या पुराचं बरंचसं पाणी धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातून येतं, त्याला दरवाजेच नाहीत. राधानगरीची स्वयंचलित दारं उघडली की टीव्हीवर दिसतात, कुंभी-कासारीच्या ओढ्यांतून येणारं पाणी दिसत नाही, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आपण चारचौघांत बोलायची टाळतो. कृष्णेच्या पहिल्या, बच्छावत लवादाने कृष्णेच्या २०६० टीएमसीतले ५६० महाराष्ट्राला दिले. त्यातले ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी कोयनेतून वीज करून सह्याद्रीपलीकडे, वाशिष्ठीत जातं. भीमेच्या खोऱ्यातलं, मुळशीपासून ठोकरवाडीपर्यंतच्या टाटांच्या धरणांतलं, सरासरी बेचाळीसच्या आसपास टीएमसी पाणीही तसंच कोकणात उतरतं. दोन्ही मिळून आपल्या वाट्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हे पाणी वाया जातं असं मी म्हणत नाही. त्यावर वीज झाली, मुंबई परिसर आणि चिपळूण त्यावर जगले. १९२० च्या दशकात सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह केला तो जमिनीसाठी, पाणी कुठल्या समुद्राला जातं हा तेव्हाचा प्रश्न नव्हता. पण आता एका बाजूला पूर्वेकडची नदी पश्चिमेला वळवायची, दुसऱ्या बाजूला जत-आटपाडीला म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचे पंप लावून, विजेचं बिल भरून कृष्णेचं पाणी वर चढवायचं, आणि तिसऱ्या बाजूला खालच्या राज्याला 'खोऱ्याचा विचार करा' म्हणून बजावायचं, हे जरा अवघड जातं. २०२२ मध्ये जतच्या पूर्वेकडच्या गावांनी 'पाणी नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या' म्हटलं तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला. त्या गावांना सीमेशी देणंघेणं नव्हतं. पाणी जिकडून येईल तिकडची बाजू त्यांची.

पुराचं पाणी बोगद्याने दुष्काळी भागाकडे वळवायची योजना आता गाजते आहे, जागतिक बँकेच्या मदतीसह. दुष्काळी भागासाठी ती चांगली असेल. सांगलीचा पूर तिने हटेल असं मात्र कुणी सांगू नये. समजा तीन हजार क्युसेकचा बोगदा केला. तो दिवसाला पाव टीएमसी नेईल. वर ज्या दिवसांचं सांगितलं तेव्हा खाली ४३ टीएमसी चाललं होतं.

मग करायचं काय? मला यात १९५६ साल फार बोलकं वाटतं. संसदेने त्या वर्षी नद्यांबद्दल दोन कायदे केले. एक आंतरराज्य जलविवाद कायदा, भांडण लागलं तर लवाद नेमायचा. दुसरा नदी मंडळ कायदा, भांडण लागायच्या आधी राज्यांनी एकत्र बसून खोऱ्याचं नियोजन करायचं. पहिल्या कायद्याखाली कृष्णेवरच दोन लवाद झाले, दुसरा अजून चालूच आहे. दुसऱ्या कायद्याखाली आजवर देशात एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं तेव्हा कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ निघालं खरं, पण त्यात फक्त तेलंगण आणि आंध्र. कृष्णा जिथे जन्मते ते राज्य त्यात नाही आणि जिथे तिचं सगळ्यांत मोठं खोरं आहे तेही नाही. शेपटीचं मंडळ आहे, डोक्याचं नाही.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मंत्र्यांची बेंगळुरूत बैठक झाली, धरणांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचं ठरलं. ते चांगलंच झालं. पण माहिती देणं वेगळं आणि निर्णय एका टेबलावर घेणं वेगळं. कोयनेतून उद्या सकाळी किती सोडायचं, कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याची दारं कधी उघडायची, अलमट्टी कुठल्या तारखेला किती भरायचं, हे जून ते ऑक्टोबर एकाच खोलीत ठरायला हवं, आणि धरणं कोणत्या तारखेपर्यंत किती भरायची याचे आराखडे लोकांना आधी कळायला हवेत. ज्या अभियंत्याने आराखड्याप्रमाणे जागा रिकामी ठेवली त्याच्यामागे पुढे दुष्काळ पडला तरी चौकशी लागू नये, हेही लिहून ठेवायला हवं. अलमट्टीची उंची हा त्या खोलीतला एक विषय असेल. तिथे महाराष्ट्राने तो जरूर लढवावा, पण जाताना निळ्या रेषेतल्या बांधकामांची आपली यादी खिशात ठेवावी; समोरचा ती मागणारच. कर्नाटकाला हे नको आहे असं म्हणतात. खरं सांगायचं तर आपल्यालाही फारसं नको आहे. लवादापुढे आकडे लढवायचे असतात, तिथे धरणाचं खरं वेळापत्रक उघडं करणं कुठल्याच राज्याला परवडत नाही. आणि खालच्या दोघांना पूर आला तरच वरच्यांची आठवण येते. ऑक्टोबर २००९ मध्ये कर्नूल बुडालं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये विजयवाड्याला प्रकाशम बॅरेजवरून अकरा लाखांवर क्युसेक गेले. त्याआधी, २००२ ते २००४ च्या दुष्काळात, कृष्णेचं पाणी समुद्राला जवळजवळ मिळालंच नव्हतं.

गंमत म्हणजे असं टेबल लोकांनी केव्हाच मांडलंय. पावसाळ्यात रोज सकाळी आमच्या व्हॉट्सॲपवर एक यादी फिरते: धोम, कण्हेर, कोयना, वारणा, राधानगरी, आयर्विन, राजाराम बंधारा, राजापूर, हिप्परगी, अलमट्टी. पाणीसाठा, आवक, विसर्ग, सगळं एका खाली एक, राज्याची हद्द मध्ये कुठेच नाही. कोण बनवतं माहीत नाही. आत्या ती चष्मा लावून वाचते, पण नजर सरळ शेवटच्या ओळीवर.

गेल्या दिवाळीत आतेभावाने घर नव्याने बांधायला काढलं. त्याच जागेवर. जोतं चार फुटांनी उंच घेतलं, मुरुमाच्या बऱ्याच खेपा ओतल्या, विजेचा मीटर वरच्या मजल्यावर नेला. मी म्हटलं, 'अलमट्टीची उंची वाढवली तर रे?' तो म्हणाला, 'म्हणूनच तर जोतं वाढवलं.' आता शेजारचे भांडायला येतात. त्यांचं म्हणणं, तुमच्या भरावाने साध्या पावसाचं पाणीही आमच्या अंगणात तुंबायला लागलंय.